रिपोर्ट नॉर्मल, मग धाप कशाची?

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार जडला की त्या माणसाच्या केस पेपरवर दर तपासणीला ठरावीक आकडे चढत जातात. नाडी ८४, रक्तदाब १३० वर ८०, रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं मोजमाप, २.४. आकडे जागच्या जागी असले की डॉक्टरांचं समाधान होतं, आणि ते व्हायलाच हवं. पक्षाघातापासून वाचायचं तर या आकड्यांवर नजर हवीच. मग रुग्ण उठता उठता म्हणतो, ‘बाकी ठीक आहे हो डॉक्टर, पण अंगात त्राणच राहत नाही. एक जिना चढला की धाप लागते.’ त्यावरचं उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं: वय झालं, वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका, आराम करा. तक्रार हवेत विरते, केस पेपरवर उतरत नाही. या आजारातला थकवा आणि धाप म्हणजे उपचारानंतर उरलेली किरकोळ कुरकुर, असं यामागे गृहीत धरलेलं असतं. ते चूक आहे असं माझं मत आहे. थकवा आणि धाप हा आजाराचाच भाग आहे. तो मोजता येतो, त्याची कारणं शोधता येतात आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो कमीही करता येतो. त्याची नोंद न घेणं हा उपचारातला कच्चा दुवा आहे, आणि ‘आराम करा’ हा सल्ला तर कित्येकदा उलटा पडतो.

ज्या आजाराबद्दल बोलतो आहोत तो प्रामुख्याने एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एएफ’. निरोगी हृदयात वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका छोट्या केंद्रातून विजेची लहर निघते, वरचे दोन्ही कप्पे एकदम आकुंचन पावतात, खालच्या कप्प्यांत रक्ताचा शेवटचा हप्ता भरतात आणि मग खालचे कप्पे ते रक्त शरीरभर फेकतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत लहरी फिरत राहतात. कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधलं केंद्र यातल्या बहुतेक लहरी अडवतं म्हणून निभावतं. पण ज्या निसटतात त्या केव्हाही, कशाही निसटतात. याचे दोन परिणाम होतात. खालचा कप्पा भरण्यात साधारण २० ते ३० टक्के वाटा असलेला तो शेवटचा हप्ता बुडतो. शिवाय ठोका फार लवकर आला तर खालचा कप्पा भरायच्या आधीच दाबला जातो. तो ठोका छातीवर ऐकू येतो, मनगटापर्यंत पोचत नाही. स्टेथोस्कोप लावून मोजले तर ठोके १२० आणि मनगटावर नाडी ९५, असा फरक पडतो तो यामुळे. पंचवीस ठोक्यांची मेहनत झाली, हाती काही आलं नाही. लवचीक हृदय हे काही काळ सोसतं. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने किंवा मधुमेहाने ज्याच्या खालच्या कप्प्याची भिंत ताठर झाली आहे, त्याला मात्र शेवटच्या हप्त्यावाचून भागत नाही. असा माणूस बसल्या जागी ठणठणीत दिसतो, हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोत, पंपिंग ६० टक्के येतं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फुप्फुसांतला दाब चढून त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागतं. पलंगावर कुशीवर झोपवून काढलेला इको जिन्यातल्या हृदयाबद्दल फारसं सांगत नाही, एवढी साधी गोष्ट ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणताना विसरली जाते.

आपल्याकडे ही तक्रार वयाच्या खात्यावर टाकणं तर आणखी चुकीचं. युरोप-अमेरिकेत एएफ हा मुख्यतः सत्तरीच्या आसपासचा आजार. इंडियन हार्ट रिदम सोसायटीने देशातल्या २४ केंद्रांवरच्या सुमारे दीड हजार रुग्णांची नोंद ठेवली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत रुग्णांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं, निम्म्याहून किंचित जास्त स्त्रिया होत्या, आणि जवळपास निम्म्या जणांत सांधेवाताच्या तापाने खराब झालेली झडप आढळली. म्हणजे लहानपणी घसा सुजून ताप आला, नंतर सांधे धरले, औषध अर्धवट झालं, आणि पुढे कित्येक वर्षांनी डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसली. अशा चिंचोळ्या झडपेतून रक्त उतरायला वेळ लागतो, आणि ठोके जलद झाले की दोन ठोक्यांमधला नेमका तोच वेळ कमी होतो. रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. पस्तिशीतल्या बाईला पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना लागलेली धाप ‘अशक्तपणा’ ठरवून टॉनिकच्या बाटलीवर भागवली जाते, तेव्हा वाया जाणारी वर्षं ही कमावत्या, पोरं वाढवायच्या वयातली असतात. परदेशातला हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, याचा आणखी एक पुरावा २०२२ मध्ये आला. सांधेवाताच्या झडपेमुळे एएफ झालेल्या साडेचार हजार रुग्णांवरच्या, २४ देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत वारंवार रक्त तपासावं लागणारी जुनी गोळीच नव्या गोळीपेक्षा सरस ठरली. मृत्यूही कमी झाले. नवं ते चांगलं, असं प्रत्येक वेळी नसतं.

मग थकव्याकडे डोळेझाक करायची सवय लागली कुठून? माझ्या मते ती निष्काळजीपणातून कमी आणि संशोधनाच्या अर्धवट वाचनातून जास्त आली. २००२ मध्ये अमेरिकेतून ‘अफर्म’ नावाच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. चार हजारांवर रुग्ण, सरासरी वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. निम्म्यांचा ठोका औषधांनी पूर्ववत ठेवण्याचा प्रयत्न केला, निम्म्यांचा ठोका अनियमितच राहू देऊन फक्त वेग आटोक्यात ठेवला. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या ‘रेस-२’ चाचणीने आणखी सवलत दिली: बसल्या जागी वेग ८० च्या आत आणायची धडपड करण्यापेक्षा ११० च्या आत असला तरी चालतं. दोन्ही निष्कर्ष चांगल्या अभ्यासातले आहेत. पण गर्दीच्या ओपीडीपर्यंत झिरपताना त्यांचा अर्थ ‘वेग ११० च्या आत, गोळी चालू, आपलं काम संपलं’ एवढाच उरला. आयुष्याची लांबी सारखी निघाली म्हणून त्यातले दिवस सारखे गेले असं होत नाही. आणि ११० ची सवलत मार्गदर्शक तत्त्वांत आली ती ज्यांना त्रास जाणवत नाही त्यांच्यासाठी. त्रास होत असेल तर वेग आणखी खाली आणून बघायला किंवा ठोकाच पूर्ववत करायला त्यांत मुभाच नव्हे, सूचना आहे. पुढे २०२० मध्ये ‘ईस्ट-एएफनेट ४’ ही २,७८९ रुग्णांवरची चाचणी आली. निदान होऊन वर्षही उलटलं नव्हतं अशांचा ठोका लवकर पूर्ववत करण्यावर भर दिला, तेव्हा हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात आणि हृदय निकामी होऊन किंवा हृदयविकाराच्या झटक्याने भरती होणं, हे सगळं मिळून कमी झालं. दिरंगाईची किंमत असते, हे त्यातून दिसतं. वरचे कप्पे वर्षानुवर्षं थरथरत राहिले की ताणून मोठे होतात, आणि मग ठोका जागेवर आणणं दरवर्षी अवघड होत जातं.

औषधांबद्दलही तेवढंच स्पष्ट बोलायला हवं. ठोक्यांचा वेग कमी करायला सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या उपयोगी आहेत, पण त्या स्वतःच काही जणांना थकवून टाकतात. रुग्णाला वाटतं आजार वाढला. डॉक्टरांना वाटतं रुग्ण घाबरट आहे. या बाबतीत मला सर्वांत बोलकी वाटणारी चाचणी आकाराने अगदी लहान आहे. इंग्लंडमध्ये दीपक कोटेचा यांच्या नेतृत्वाखाली झालेली ‘रेट-एएफ’, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली, फक्त १६० रुग्णांची. साठीपुढचे, कायमचा एएफ असलेले आणि धाप लागणारे असेच रुग्ण त्यात मुद्दाम निवडले होते. निम्म्यांना बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गोळी दिली, निम्म्यांना डिगॉक्सिन, जे डिजिटॅलिसच्या झाडापासून मिळणारं, जुनं, अगदी स्वस्त औषध. सहा महिन्यांनंतर मुख्य मोजमापात, म्हणजे शारीरिक क्षमतेबद्दल रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत फरक नव्हता. वेगही दोन्हीकडे सारखाच आटोक्यात होता. पण एकतरी दुष्परिणाम झालेल्यांचं प्रमाण डिगॉक्सिन गटात २५ टक्के आणि बिसोप्रोलॉल गटात ६४ टक्के होतं, आणि वर्षअखेरीस लक्षणांच्या पायरीवर डिगॉक्सिनवाले बरेच पुढे होते. लक्षणांचे ते निकाल दुय्यम मोजमापांतले आहेत, चाचणी लहान आहे, आणि डिगॉक्सिन मूत्रपिंडं कमजोर असलेल्या माणसात विषारी ठरू शकतं. तेव्हा वर्तमानपत्र वाचून कुणी गोळी बदलू नये, आणि बीटा ब्लॉकर अचानक बंद तर मुळीच करू नये. मुद्दा एवढाच की ईसीजीच्या कागदावर सारखे दिसणारे दोन रुग्ण वेगवेगळ्या गोळ्यांवर वेगवेगळं आयुष्य जगत असतात, आणि ते विचारल्याखेरीज कळत नाही.

धाप लागते म्हणजे सगळा दोष ठोक्याचाच, असंही समजू नये. शोधायच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेक स्वस्त आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याच्या आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणखी उतरतं. साडेतेरावरून नऊवर आलेलं हिमोग्लोबिन एकट्यानेच जिन्यावर बसवतं. थायरॉइड वाढला तर एएफ सुरू होतो, एएफसाठी दिलेल्या अमिओडेरोन या औषधाने थायरॉइड बिघडू शकतो. झोपेत श्वास अडणाऱ्या, मोठ्याने घोरणाऱ्या माणसाचा एएफ परत परत उलटतो आणि दिवसभराची पेंग वेगळीच. शिवाय महिनोन् महिने जलद धावलेलं हृदय थकून त्याचं पंपिंग घसरतं, आणि वेग आवरला किंवा ठोका सुधारला की बऱ्याच जणांत ते परत येतं. हृदय निकामी होण्याची एवढी सुधारण्याजोगी कारणं फार थोडी. ‘वयोमानानुसार’ हा शेरा मारला की यातलं काहीच शोधलं जात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की थकवा ही काही मोजण्याची गोष्ट आहे का? ज्याला त्याला दमायला होतंच. लोकलने डोंबिवलीहून चर्चगेटला जाऊन येणारा निरोगी माणूसही संध्याकाळी गळून जातो. शिवाय एएफ असूनही काहीच न जाणवणारे लोक भरपूर आहेत, आणि चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं तर धडधड जाणवली तेव्हा ठोका सरळ होता असंही निघतं. आक्षेप खरा आहे. लक्षणं आणि ईसीजी यांची जोडी नेहमी जुळत नाही. पण त्यावरून निघतं ते इतकंच की ईसीजी पाहून थकव्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तो वेगळा विचारावा लागतो. विचारण्याच्या पद्धतीही आहेत. युरोपियन हार्ट रिदम असोसिएशनची लक्षणांची एक ते चार अशी साधी पायरी आहे, तीत दुसऱ्या पायरीचे दोन भाग केलेत: रोजच्या कामांना अडथळा नाही आणि त्रासही फारसा नाही, तो एक, कामं होतात पण लक्षणं छळतात, तो दुसरा. हा दुसरा माणूसच आपल्या ओपीडीत हरवतो. सहा मिनिटांत किती मीटर चालणं होतं ते मोजायला व्हरांडा आणि घड्याळ पुरतं. घरच्या घरी तर आणखी सोपं: त्याच जिन्यावर महिन्यापूर्वी किती पायऱ्यांनंतर थांबावं लागत होतं आणि आता किती, चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं की मध्येच श्वास घ्यावा लागतो, रात्री एक उशी पुरते की दोन लागतात. काही जण म्हणतात मला काहीच त्रास नाही, आणि विजेचा झटका देऊन ठोका सरळ केला की दुसऱ्या आठवड्यात सांगतात, आपण किती दमत होतो ते आता कळलं. दोन वर्षांत हळूहळू आवरतं घेतलेलं आयुष्य त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

मनाचा खेळ असल्याची शंकाही याच आक्षेपाची दुसरी बाजू. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चुकीच्या लहरी उगम पावतात हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं आणि त्यावरून शिरांभोवतीचा भाग निकामी करण्याची ॲब्लेशन ही प्रक्रिया रुळली. तिने लोकांना बरं वाटतं, पण एवढा खर्च करून टेबलावर झोपलेल्याला बरं वाटणारच, असं टीकाकार म्हणत. शंका योग्य होती. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या १२६ रुग्णांच्या ‘शॅम-पीव्हीआय’ चाचणीत काहींवर खरी प्रक्रिया केली आणि काहींवर नुसता देखावा. कुणावर काय झालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. खरी प्रक्रिया झालेल्यांचा एएफचा काळही जास्त घटला आणि लक्षणं आणि जगण्याचा दर्जा ठळकपणे सुधारला. म्हणजे धाप आणि थकवा खराच होता. ॲब्लेशन प्रत्येकाला करावी असं यातून निघत नाही. ती महाग आहे, तिचे धोके आहेत, आकसलेल्या झडपेच्या रुग्णांना ती सहसा लागूही पडत नाही. पण रुग्ण कांगावा करतो ही शंका आता पुरे झाली.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका सकाळी शंभर रुग्ण तपासणाऱ्या सरकारी डॉक्टराने पक्षाघात टाळायचा की जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या? एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हे फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासाने १९९१ मध्येच दाखवलं होतं. रक्ताची गुठळी रोखणं पहिलं, यात वाद नाही. पण गोळी रोज घ्यायची आहे ती रुग्णाने, वर्षानुवर्षं. जिने आपल्याला काहीही फरक जाणवत नाही आणि जिच्यामुळे आपण गळून जातो असं वाटतं, ती गोळी माणूस गुपचूप सोडतो. आणि सोडताना नेमकी कोणती सोडायची हे त्याला कळतंच असं नाही. ‘एक जिना चढता येतो का?’ हा प्रश्न परिचारिकेनेही विचारला आणि केस पेपरवर वजनाच्या शेजारी लिहिला तरी काम होतं.

आता ‘आराम करा’बद्दल. तापात हा सल्ला ठीक. एएफमध्ये जो घाबरून बसून राहतो त्याचे पायाचे स्नायू महिन्याभरात ओघळतात, मग तेवढ्याच चालण्याला हृदयाला जास्त पळावं लागतं, धाप आधी लागते, माणूस आणखी बसतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला १२० रुग्णांवर झालेल्या ‘ॲक्टिव्ह-एएफ’ चाचणीत सहा महिने देखरेखीखाली व्यायाम वाढवत नेला, आठवड्याला साडेतीन तासांपर्यंत. वर्षअखेरीस व्यायाम केलेल्यांपैकी ४० टक्क्यांचा एएफ उलटला नाही, नुसता सल्ला मिळालेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. लक्षणंही सौम्य झाली. त्याच शहरातल्या २०१५ च्या ‘लेगसी’ अभ्यासात दहा टक्के किंवा जास्त वजन घटवून टिकवलेल्यांचा ठोका सरळ राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली, आणि वजन जास्त घटलं ते प्रामुख्याने त्यासाठीच चालवलेल्या दवाखान्यात नियमित येणाऱ्यांचं. ‘वजन कमी करा’ असं टाकून बोलणं आणि वजन कमी करायची सोय करून देणं, यांतलं अंतर इथे दिसतं. दारूबाबतही असंच: मेलबर्नच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या १४० जणांच्या चाचणीत पिणं सोडलेल्यांपैकी ५३ टक्क्यांचा एएफ उलटला, पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांचा. व्यायामाची भीती मात्र अगदीच निराधार नाही. स्वीडनच्या वासालोपेट या ९० किलोमीटरच्या बर्फावरच्या स्की-शर्यतीत वारंवार उतरलेल्यांत आणि ती वेगाने पूर्ण केलेल्यांत ठोक्यांचे आजार जास्त आढळले आहेत. पण आपला प्रश्न तो नाही. सातारच्या घाटात मॅरेथॉन पळणारे मूठभर. इमारतीच्या खाली उतरायलाही घाबरणारे ढिगाने. या आजारात मनगटी घड्याळ बऱ्याचदा ठोके कमी मोजतं, तेव्हा आकड्यावर व्यायाम बेतण्यापेक्षा गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने आखलेली ‘किती जड जातंय’ ही मोजपट्टी कामाची. तीही नको असेल तर चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. योगासनांचं नाव निघाल्यावर आपल्याकडे हात आखडत नाहीत, म्हणून सांगायला हवं: अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात २०१३ मध्ये ४९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या योगाने लक्षणांचे झटके कमी झाले आणि जगणं सुधारलं. चांगलं आहे, करावं. पण रुग्णांची तुलना त्यांच्याच आधीच्या तीन महिन्यांशी केलेली होती, वेगळा गट नव्हता, आणि कपालभातीने गोळ्या सुटतात हे त्यात कुठेही नाही.

रोजच्या निभावण्याचं एक गणित मात्र कुठल्याच चाचणीत शोधायची गरज नाही. ते घरातल्या कामांत दिसतं. हात डोक्याच्या वर नेऊन केलेलं काम हृदयाला जास्त महाग पडतं. दोरीवर ओले कपडे वाळत घालणं, माळ्यावरचा डबा काढणं, पंखा पुसणं हे तेवढाच वेळ चालण्यापेक्षा लवकर दमवतं. जमिनीवर उकिडवं बसून उठणं, कढत पाण्याची लांबलचक अंघोळ, जेवल्या जेवल्या लगेच जिना, यांचंही तसंच. म्हणून दोरी खांद्याच्या उंचीला बांधावी, न्हाणीघरात स्टूल ठेवावं, भाजी ओट्यापाशी उभं राहून चिरण्यापेक्षा खुर्चीत बसून चिरावी, बाजार आणि कपडे एकाच सकाळी काढू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात आठवड्याचं काम उरकू नये, कारण पुढचे दोन दिवस त्याची परतफेड करण्यात जातात. घरातल्या बाईला हे सांगणं सोपं आणि तिला करू देणं अवघड. सासूने कपडे खाली वाळत घातले तर ते आळस ठरत नसेल त्या घरातच हा सल्ला चालतो. काही धापा मात्र अशा निभावून न्यायच्या नसतात. बसल्या जागी अचानक लागलेली, रात्री झोपेतून उठवणारी, छातीत दुखण्याबरोबर किंवा भोवळ येऊन पडण्याबरोबर आलेली धाप, दोन-चार दिवसांत वाढलेली पायांची सूज आणि वजन, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात लुळा पडणं, यासाठी १०८ ला फोन, उद्याची ओपीडी नव्हे.

घराबाहेर तर प्रश्न आणखी कठीण. थकवा दिसत नाही, त्यामुळे तो खोटा वाटतो, आणि सवलत दिली की सगळेच मागतील अशी धास्ती मालकाला असते. धास्ती समजण्यासारखी आहे. गैरफायदा घेणारे असतातच. पण काही सवलती अशा आहेत की त्यांचा गैरफायदा घेताच येत नाही. कोझिकोडच्या कापड दुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि केरळने २०१८ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती करून तो मान्य केला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल मिळालं तर कोण किती लुबाडणार? आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकार मोजतो, त्यांत हृदयाचा आजार नाही. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा सहसा आजाराचं नाव न विचारता दीर्घकाळच्या दुखण्याने रोजची कामं किती अडतात ते विचारतो. आपल्याकडेही यादी लांबवत बसण्यापेक्षा तोच रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो, म्हणजे एएफचा प्रत्येक रुग्ण आपोआप दिव्यांग ठरणार नाही आणि ज्याला जिना खरोखर चढवत नाही त्याला तळमजल्यावरची खुर्ची मागताना ओशाळावं लागणार नाही.

राहिला पैसा. आयुष्मान भारत असो की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, त्यांचा भर रुग्णालयात भरती करून केलेल्या उपचारांवर आहे. झडप फुग्याने मोकळी करायची तर पैसे मिळण्याचा रस्ता आहे. त्यानंतर तीन महिने चालणं शिकवणाऱ्या, गोळीची वेळ आणि मात्रा जुळवणाऱ्या, हिमोग्लोबिन बघणाऱ्या माणसाच्या पगाराची सोय नाही. हे परवडणारं नाही असं म्हणणाऱ्यांनी ‘योग-केअर’ चाचणी बघावी. देशातल्या २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर, प्रशिक्षकाने तीन महिने शिकवलेल्या योगावर आधारलेला तो पुनर्वसनाचा कार्यक्रम होता; २०२० मध्ये निष्कर्ष आले. पुन्हा झटका किंवा मृत्यू यांत ठाम फरक दिसला नाही, पण रुग्णांना आपली तब्येत सुधारल्यासारखी वाटली आणि आजाराआधीच्या कामांकडे ते जास्त प्रमाणात परतले. रुग्ण एएफचे नव्हते हे खरं. पण लागणारी साधनं तर जिल्हा रुग्णालयात आजही आहेत: फिजिओथेरपिस्ट, सतरंजी, रक्तदाबाचं यंत्र आणि दुपारी दोननंतर रिकामा पडणारा ओपीडीचा व्हरांडा. दोन-तीन जिल्ह्यांत वर्षभर हे चालवून बघायला नव्या यंत्राची निविदा काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच ते राहून गेलं असेल.